उन्हाळ्यात रामटेकला जाताना जुने मोजे न्या

एप्रिल-मे महिन्यांत रामटेकच्या गडमंदिरात चपला काढल्या की तापलेल्या दगडावर तळपाय भाजतात आणि माणूस दर्शन उरकून सावलीकडे पळतो. वाकाटकांच्या काळातलं, ५व्या शतकातलं केवल नरसिंह मंदिर असं पळत पाहावं लागलं, तर जीव हळहळतो.

सोबत जाड सुती मोजे ठेवा. जुने, विटलेले चालतील. नायलॉनचे मात्र नकोत, चटका आत येतोच. चपला काढल्याबरोबर मोजे चढवा, गाभाऱ्यापाशी काढून खिशात टाका. नागपूरहून अंतर साधारण ५० किलोमीटर आहे, त्यामुळे पहाटेच निघालात तर उत्तम.

ओल्या फरशीवर मोजे हमखास घसरतात, तिथे अनवाणीच चाला. प्रसादाची पिशवीही झाकून धरा, गडावर माकडं आहेत.