सदोष भागामुळे कंपनीने परत बोलावलेली सायकल: ओळखावी कशी आणि पुढे काय करावे

मोटारसायकलीत दोष निघाला तर कंपनीला मालकाचा पत्ता सापडतो, कारण गाडीची नोंद आरटीओत असते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूदही आली आहे. सायकल मोटार वाहन नसल्यामुळे तिला यांपैकी काहीच लागू होत नाही. परभणीच्या किंवा जालन्याच्या दुकानातून रोखीने घेतलेली सायकल आज कोणाच्या अंगणात उभी आहे, हे कंपनीला कळण्याचा मार्गच नसतो. त्यामुळे कंपनीने एखादा भाग धोकादायक ठरवून रिकॉल जाहीर केला, म्हणजे सायकली परत बोलावल्या, तरी ती सूचना आपल्या गावापर्यंत आपोआप येईल असे धरून चालू नये. ती आपणच शोधावी लागते, आणि त्यासाठी आपली सायकल नेमकी कोणती आहे हे आधी माहीत असावे लागते.

सुरुवात फ्रेम नंबरापासून करावी. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली की पायडलांचा एक्सल ज्या आडव्या नळीतून आरपार जातो, तिच्या खालच्या बाजूस बहुतेक सायकलींचा नंबर कोरलेला असतो. काहींचा तो सीटखालच्या किंवा हँडलखालच्या नळीवर असतो. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल आणि ग्रीस यांचा थर त्यावर इतका घट्ट बसतो की तिथे नंबर आहे हेच कळत नाही. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने ती जागा पुसावी (डिस्क ब्रेकच्या चकतीला मात्र त्याचा थेंबही लागू देऊ नये, नाहीतर ब्रेक लागत नाही) आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा, म्हणजे अंक उठून दिसतात. शून्य आणि इंग्रजी ओ यांत गफलत होते, म्हणून नंबर नुसता उतरवून न घेता त्याचा फोटो काढावा. मॉडेलचे नाव, चाकाचा आकार, खरेदीचे वर्ष आणि ब्रेक, गिअर व क्रँक (पायडल ज्याला जोडलेले असते तो दांडा) यांवरील कंपनीची नावेही टिपून ठेवावीत, कारण रिकॉल पुष्कळदा संपूर्ण सायकलीचा नसून त्यावर बसवलेल्या एका भागाचा असतो.

पावतीचे महत्त्व मला उशिरा कळले. अंबाजोगाईला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या सायकलीचा फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) जोडाजवळ तडकला, तेव्हा पावती शोधली तर हातात कोरा कागद आला. मशीनमधून निघालेल्या त्या पावतीवरची अक्षरे पत्र्याच्या खोलीतल्या दोन उन्हाळ्यांत पूर्ण उडून गेली होती. अशा पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते आणि खरेदीची पावती शाळेत द्यावी लागते; त्या पालकांनी पावतीची प्रत स्वतःजवळ ठेवल्याशिवाय मूळ पावती देऊ नये.

एवढी माहिती हाताशी आली की सायकल कंपनीच्या आणि भाग बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर सुरक्षाविषयक सूचना पाहाव्यात. आयात केलेली गिअरची सायकल असेल, विशेषतः पुण्या-मुंबईहून जुनी घेतलेली असेल, तर अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची यादीही तपासावी. तिथली सूचना आपल्या देशात जशीच्या तशी लागू होईलच असे नाही, पण दोष कोणता आणि तो कसा ओळखावा हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते.

अशी तपासणी किती साधी असू शकते याचे उदाहरण २०१५ मधले आहे. डिस्क ब्रेक असलेल्या पुढच्या चाकाची क्विक रिलीज खटकी (पाना न वापरता चाक काढण्याची) प्रमाणाबाहेर उघडून ब्रेकच्या चकतीत अडकू शकते, म्हणून ट्रेक कंपनीने अमेरिकेत सुमारे नऊ लाख सायकली परत बोलावल्या आणि त्याच वर्षी आणखी तेरा कंपन्यांनी त्याच कारणासाठी सूचना काढल्या. तपासणीला लागत होती फक्त एक पेन्सिल: खटकी पूर्ण उघडल्यावर तिच्या आणि चकतीच्या मध्ये पेन्सिल मावली नाही, तर सायकल चालवायची नाही. दुसरे उदाहरण सप्टेंबर २०२३ चे. शिमानो या सायकलीचे भाग बनविणाऱ्या कंपनीच्या, जुलै २०१९ पूर्वी बनलेल्या, दोन भाग चिकटवून तयार केलेल्या काही ड्युरा-एस आणि अल्टेग्रा नावांच्या क्रँकांचे जोड सुटत असल्याचे निघाले. अमेरिकेतील सूचनेत अशा ४,५१९ घटना आणि सहा जखमींची नोंद आहे. तिथे क्रँकच्या मागच्या बाजूला कोरलेली दोन अक्षरे यादीशी ताडून पाहायची होती.

आपली सायकल यादीत सापडली तर त्या क्षणापासून ती चालवू नये. ‘एवढी शाळा सुटेपर्यंत’ किंवा ‘दुकानापर्यंतच’ हेही नको. दुकान लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला असेल तर ती टेम्पोत टाकून न्यावी आणि वाहतुकीचा खर्च कंपनी देणार का, हे आधीच लेखी विचारावे. कंपनी दुरुस्ती देणार, भाग बदलणार की पैसे परत करणार, हे सूचनेत दिलेले असते. पावती नसली किंवा सायकल जुनी घेतलेली असली तरी विचारायला संकोचू नये. वॉरंटी बहुधा पहिल्या खरेदीदारापुरती असते, पण रिकॉलमधील मोफत दुरुस्ती सामान्यतः सायकलीशी जोडलेली असते आणि फ्रेम नंबर किंवा भागावरचा कोड तिथे पुरतो.

भाचीच्या सायकलीचा फोर्क दुकानदाराने पाहिला आणि सांगितले, “वेल्डिंग मारून घ्या, काही होत नाही.” हा सल्ला आपुलकीने दिलेला असतो, पण तो कधीही मानू नये. तडकलेल्या फोर्कवर मारलेले वेल्डिंग शेजारच्या धातूला कमकुवत करते, आणि फोर्क तुटला की सायकलस्वार तोंडावर आपटतो, सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय वेल्डिंगमुळे मूळ दोषाचा पुरावाही नाहीसा होतो. आम्ही फोर्क तसाच ठेवला, जोडाचे जवळून फोटो काढले आणि कंपनीला ईमेल केला. पहिल्या दोन ईमेलांना उत्तर आले नाही. तिसऱ्यात मागच्या दोन्हींच्या तारखा लिहिल्या, तेव्हा नवा फोर्क मिळाला.

कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार धोकादायक माल परत बोलावण्याचा आणि त्याची किंमत परत करण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते, आणि अशा मालाविषयीची तक्रार आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते. म्हणूनच रिकॉल निघालेला नसतानाही तुटलेल्या भागाची लेखी तक्रार करणे महत्त्वाचे आहे. रिकॉल निघतो तो अशाच तक्रारी साचल्यावर.

नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जावे. आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, बीडच्या माणसाला लुधियानाच्या कंपनीमागे पंजाबात जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. सुटे भाग जुळवून विकलेल्या, बनविणाऱ्याचे नावच नसलेल्या सायकली आपल्या बाजारात पुष्कळ आहेत. उत्पादक कोण हे कळत नसेल, तर त्या सायकलीची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावर येते. दवाखान्याचे कागद, फोटो आणि तुटलेला भाग दावा संपेपर्यंत सांभाळावेत.

त्यानंतर सदोष भाग भंगारात देऊ नये. दुरुस्तीच्या बहुतेक दुकानांत जुन्या पार्टांचा एक पत्र्याचा डबा असतो आणि गरजूला त्यातूनच स्वस्तात क्रँक किंवा फोर्क काढून दिला जातो. कंपनीने भाग परत मागितला नसेल, तर तो करवतीने मधोमध कापून मगच टाकावा.