मंडळींना घेऊन पचमढीला जायचं असेल तर

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या महिला मंडळाची वर्षाची सहल ठरवायचं काम माझ्या गळ्यात आहे. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर ही इंदुराहून सकाळी निघून रात्री परतायची ठिकाणं, तिथे कोणीही नेईल. सातपुड्यातल्या पचमढीला मात्र नीट बेत लागतो, कारण आमच्यात नुकत्या लग्न झालेल्या सुना आहेत तशा सत्तरी ओलांडलेल्या काकूही आहेत, आणि पचमढी गुडघ्यांची परीक्षा उलट्या बाजूने घेते.

म्हणजे असं, की गाव वर पठारावर आहे, साधारण १०६७ मीटर उंचीवर, आणि पाहण्यासारख्या पुष्कळ जागा त्या पठारात पडलेल्या घळींच्या तळाशी. जाताना उतार, म्हणून सगळ्या जणी गप्पा मारत झपाझप खाली जातात. चढ लागतो तो परतताना, पाय दमल्यावर आणि ऊन डोक्यावर आल्यावर. त्यामुळे मी जागा निवडताना ‘काय सुंदर आहे’ असं विचारत नाही. ‘परत वर यायला किती पायऱ्या’ हे विचारते आणि त्यावरून कोणी कुठे जायचं ते निघण्याआधीच, घरी बसून ठरवते. तिथे जाऊन ठरवायला गेलात तर भिडेपोटी सगळ्याच उतरतात.

आधी जायचं कसं ते. गाडीने देवास, आष्टा, भोपाळ, नर्मदापुरम, पिपरिया असा रस्ता, पावणेचारशे-चारशे किलोमीटर. नर्मदापुरमला सेठानी घाटावर थांबा. दिवसभराच्या प्रवासात पाय मोकळे करायला याहून चांगली जागा नाही, आणि नर्मदा ओलांडताना खाली न उतरणारी बाई आमच्या मंडळात तरी नाही. रेल्वेने जायचं तर इंदूर-जबलपूर ओव्हरनाइट पिपरियाला थांबते, पण अवेळी, रात्रीच. तिथून पचमढी पन्नासेक किलोमीटर. मटकुली सोडलं की घाट लागतो, तो अंधारात करू नका. वेटिंग रूममध्ये उजाडेपर्यंत डबे उघडा. मेथीचे पराठे आणि लसणाची चटणी त्यासाठीच न्यायची असते. सेवही भरपूर न्या, कारण तिथल्या पोह्यांवर आपल्यासारखी सेव आणि जिरावण मसाला मिळेल या आशेवर कोणी राहू नये.

कधी जायचं यावर दरवर्षी वाद होतो. मे महिन्यात जाऊ, थंड असेल, असं म्हणणाऱ्यांना मी हिशोब दाखवते. इंदूर साडेपाचशे मीटरवर, पचमढी त्याच्या जेमतेम दुप्पट. हजार मीटरला साधारण सहा अंश धरले तर फरक पडला तीन अंशांचा. रात्री सुखाच्या जातील, दुपार तापेलच. डिसेंबर-जानेवारीत उलट इतकी थंडी पडते की काकू रजईतून बाहेर निघत नाहीत. माझं मत विचाराल तर नवरात्र संपल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सुरू होण्याआधी. पाऊस सरलेला, धबधबे भरलेले, पायवाटा वाळलेल्या.

धबधबा म्हटला की इंदूरकराला पाताळपाणी आठवतं. तिथला खडक काळा, लाव्हाचा. पाऊस गेला की धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्यात नुसता कडा उरतो. पचमढीचा खडक वेगळा, वालुकाश्म. तो पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो आणि महिनोन्महिने थोडं थोडं सोडत राहतो. म्हणून महादेवाच्या गुहेत छतातून पाणी टपकत असतं आणि सावलीतल्या घळींत नेचे दाटलेले असतात. नेच्यांसाठी वनस्पतिशास्त्राची पोरं इथे मुद्दाम येतात, हे आमच्या एका सुनेने सांगितलं, ती त्यातलीच.

पोचल्या दिवशी जास्त काही करू नका. दुपारी झोप काढा आणि उन्हं कलली की जटाशंकर. बसस्टँडपासून दीडेक किलोमीटर, दोन्हीकडे उंच कडे आणि मध्ये प्रचंड शिळा अडकलेल्या. खाली उतरायला पायऱ्या आहेत पण बेताच्या, काकू सावकाश जातात आणि सावकाश येतात. कोणाचे गुडघे किती चालतात याचा अंदाजही इथेच येतो, आणि त्यावर दुसऱ्या दिवसाची वाटणी पक्की करायची.

दुसऱ्या दिवसासाठी जिप्सी, म्हणजे उघडी जीप, लागते. धूपगढ, बी फॉल, अप्सरा विहार हा भाग वनखात्याच्या ताब्यात, आपली गाडी तिथे चालत नाही. परवाना बायसन लॉजवर मिळतो. ही १८६२ सालची इमारत, इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्सिथने बांधलेली. ओळखपत्रं सगळ्यांची सोबत घ्या, आणि रांगेत एकीलाच उभी करा, दहा जणींनी गर्दी करून काही लवकर मिळत नाही. जिप्सीवाला ‘दिवसात सगळे पॉइंट’ असं म्हणेल. त्याला नम्रपणे सांगा, आम्हाला मोजकेच पॉइंट बघायचेत. पॉइंट मोजणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी फोटोपुरता वेळ मिळतो, आणि मग पचमढीला गेलो काय न् इंदूरच्या पाटनीपुऱ्यात उभे राहिलो काय!

बी फॉल सकाळी पहिला. त्याला जमुना प्रपातही म्हणतात. पायऱ्या खूप आणि उंच, परतताना श्वास लागतो. म्हणून ज्यांना उतरायचं नाही त्यांनी वरच टपरीवर चहा घेत बसावं, त्यात कमीपणा नाही. खाली पाण्यात उभं राहिलं की धार अंगाला सुयांसारखी टोचते, पोरांना तेच आवडतं. साबण, शाम्पू काढू देऊ नका, याच ओढ्याचं पाणी गावाला पिण्यासाठी जातं.

काकूंसाठी खरी जागा अप्सरा विहार. पांडव गुफांच्या बाजूने जंगलातून थोडं चालायचं, मग उथळ, स्वच्छ डोह. पाय सोडून तासभर बसता येतं. तिथून पुढे रजत प्रपात, साडेतीनशे फुटांवरून पडतो, पण तो वरून, लांबून बघायचा. तिथली वाट खडकाळ आहे, ज्यांना हौस त्यांनीच जावं. पांडव गुफा उरकायला अर्धा तास पुरतो. नाव पांडवांचं असलं तरी त्या बौद्ध भिक्षूंच्या असाव्यात असं अभ्यासक मानतात.

हांडी खोह आणि प्रियदर्शिनी पॉइंटला फारसं चालावं लागत नाही, तेव्हा ते दमलेल्या पायांनी, दुपारनंतर. हांडी खोह सरळ खाली गेलेली तीनशे फूट दरी. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले याच महादेव डोंगरात गोंडांच्या आसऱ्याला राहिले होते. कठड्याशी उभं राहून खाली बघा, म्हणजे त्यांना शोधणाऱ्यांची काय गत झाली असेल ते कळतं.

संध्याकाळ धूपगढची. १३५२ मीटर, सातपुड्यातलं आणि सगळ्या मध्य प्रदेशातलं सर्वात उंच शिखर, आणि गंमत म्हणजे गुडघ्यांना सगळ्यात सोपं, कारण जिप्सी वरपर्यंत जाते. सूर्यास्ताला जत्रा असते. तासभर आधी जा, शाली न्या, वारा झोंबतो.

तिसरा दिवस महादेवाचा. मोठ्या महादेवाची गुहा सगळ्यांना जमते. गुप्त महादेवाची कपार अरुंद, आडवं होऊन सरकावं लागतं, आणि धिप्पाड बायकांनी आधी बाहेरूनच अंदाज घ्यावा. इथली माकडं पिशवी हिसकावतात, प्रसाद पदराआड ठेवा. चौरागढच्या डोंगरावरच्या महादेवाची वाट इथूनच. तेराशेच्या आसपास पायऱ्या, आणि हा मात्र सरळ चढ. पहाटे निघणाऱ्या तरुण पायांसाठीच. वर त्रिशुळांचा नुसता ढीग, नवस फेडणारे ते खांद्यावर वाहून नेतात.

महाशिवरात्री आणि नागपंचमीच्या आसपास सहल ठेवू नका, जागा मिळणार नाही. यात्राच करायची असेल तर गोष्ट निराळी. माझं माहेर वरुडचं. तिकडे ‘महादेवाला गेले’ म्हटलं की पचमढीच समजायची. नागपंचमीला विदर्भातून माणसं लोटतात, भर पावसात महादेवाची गाणी म्हणत नागद्वारीला जातात. ती वाट वाघांच्या जंगलातून आहे आणि वर्षात तेवढेच दिवस उघडते. पण मंडळाच्या काकूंना मी तिथे नेणार नाही, कितीही म्हणाल्या तरी.

परतताना पचमढीहून दिवसाउजेडी खाली उतरा आणि पिपरियाची जीप आदल्या दिवशीच सांगून ठेवा. गाडी रात्रीचीच असते, तेव्हा खालचे बर्थ आरक्षण उघडताच धरायचे. तीन दिवसांच्या चढउतारानंतर वरच्या बर्थवर कोणाचेच गुडघे चढत नाहीत, सुनांचेही.