कोंबड्या दांडी सोडून भलतीकडेच झोपतात? या चुका टाळा

रात्री खुराडं बंद करायला जावं, तर दोन कोंबड्या अंड्यांच्या पेटीत, तीन कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या आणि एक थेट झाडावर. यात कोंबडीचा हट्ट काही नसतो. तिचा पूर्वज, लाल रानकोंबडा, आजही रात्री थव्यासह झाडावरच बसतो. तीही अंधार पडायच्या आत उंच जागा आणि ओळखीची सोबत शोधते. ती जिथे मिळेल तिथे जाते.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पेटी दांडीच्या, म्हणजे कोंबड्यांना रात्री बसायला लावलेल्या आडव्या काठीच्या, बरोबरीने किंवा वर ठेवणं. मग पेटीच दांडी होते, रातभराची विष्ठा तिथेच पडते आणि सकाळची अंडी बरबटलेली निघतात. दांडी पेटीपेक्षा वीस-तीस सेंटीमीटर वर हवी, आणि पेटीचं छप्पर इतकं उतरतं की वर बसताच येऊ नये. सवय लागून गेली असेल तर बहुतेक अंडी सकाळी पडतात याचा फायदा घ्या: दुपार कलली की पेट्यांची तोंडं फळीने बंद करा, सगळ्या दांडीवर स्थिरावल्या की उघडा. हे एक-दोन आठवडे न चुकता करावं लागतं. एक दिवस विसरलात की पुन्हा पहिल्यापासून.

दांडी आहे, तरी काही खालीच? जागा मोजा. दर कोंबडीला 20 सेंटीमीटर धरा. युरोपीय संघाच्या 1999 च्या निर्देशात किमान 15 आहे, पण अंगाने भारी जातींना ते पुरत नाही. दोन दांड्यांत 30 आणि भिंतीपासून 20 सेंटीमीटर अंतर ठेवा. छोट्या कळपात दांड्या एकाच उंचीवर लावाव्यात, हे आमचं स्पष्ट मत. पायऱ्या केल्या की वरच्या दांडीसाठी रोज चोचाचोच होते आणि दबलेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) जमिनीवर राहतात. उंचीचा अतिरेकही नको. भारी कोंबडी उंचावरून उतरताना आपटते आणि छातीचं हाड मोडून घेते. दांडी लाकडी, चार-पाच सेंटीमीटर रुंद, कडा घासून गोल केलेली. गुळगुळीत लोखंडी पाइपवर पाय घसरतो.

दिवा लावत असाल तर एकदम बंद करू नका. कोंबडीला अंधारात फार कमी दिसतं, जिथे असेल तिथेच बसते. प्रकाश पंधरा ते तीस मिनिटं हळूहळू कमी करा.

आता खरी गोम: नीट बसणारा कळप अचानक संध्याकाळी खुराड्यात शिरायलाच तयार नसेल, तर आधी लाल माइटचा संशय घ्या. हे किडे दिवसा फटींत दडतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. अंधार पडल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन जा आणि पांढरा कागद दांडीच्या खालच्या बाजूने घासा. लाल डाग उमटले की निदान झालं. दांडी काढून तिची टोकं आणि टेकूची खाच पाहा, राखेसारखी पूड तिथेच साचते. फटी घासून धुवा, उपचार करा, आणि आठवड्याभरात पुन्हा करा, कारण दरम्यान माइटची अंडी फुटून नवी पिढी तयार होते.

झाडावरचीला मात्र दिवसा पकडायच्या फंदात पडू नका. अंधार झाला की अलगद उचलून दांडीवर ठेवा.