महाविद्यालयाचे ईमेल खाते: प्रवेशापासून निकालापर्यंतची तयारी

महाविद्यालयाचे ईमेल खाते विद्यार्थ्याच्या नावाने उघडले जात असले, तरी ते त्याच्या मालकीचे नसते. पत्ता, त्यातील साठवणजागा, विसरलेला पासवर्ड बदलून देण्याचा अधिकार आणि खाते बंद करण्याचा अधिकार हे सर्व संस्थेच्या संगणक विभागाकडे असते, ही गोष्ट आधी ध्यानात घेतली की तयारीचा क्रम बराचसा आपोआप ठरतो. पावसाळ्यात प्रवेश सुरू झाले की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून विद्यार्थी नागपुरात येतात आणि वसतिगृह किंवा भाड्याची खोली, मेस, शहर बसचा पास या धावपळीत हे खाते सर्वांत शेवटी आठवते. वेळापत्रक, अंतर्गत चाचणीच्या तारखा, परीक्षा अर्जाची मुदत हे मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यापासून याच पत्त्यावर येऊ लागते.

नव्या खात्याच्या तयारीच्या याद्यांमध्ये पासवर्ड सर्वांत वर लिहिण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती जागा मोबाइल क्रमांकाची आहे. प्रवेश अर्ज अनेकदा नागपुरात सीताबर्डीवरील एखाद्या नेट कॅफेत किंवा गावाकडच्या सेतू केंद्रात भरला जातो, आणि गर्दीच्या दिवसांत तेथील माणूस विद्यार्थ्याचा ईमेल पत्ता विचारत बसण्याऐवजी आपलाच एखादा पत्ता, क्वचित आपलाच मोबाइल क्रमांक, टाकून मोकळा होतो. महाविद्यालय पुढे नव्या खात्याचा पत्ता आणि तात्पुरता पासवर्ड त्याच नोंदीवर पाठवते आणि विद्यार्थी महिनाभर ‘मला काहीच आले नाही’ असे सांगत फिरतो. म्हणून अर्जाची छापील प्रत काढून तिच्यावरील मोबाइल क्रमांक आणि ईमेल हे दोन्ही रकाने स्वतः वाचावेत. क्रमांक वडिलांचा असेल आणि वडील गावी शेतावर असतील, तर ओटीपी येईल त्या क्षणी फोन त्यांच्या हाती असेलच असे नाही, हेही विचारात घ्यावे. नोंद चुकीची असल्यास विद्यार्थी विभागाकडे लेखी अर्ज द्यावा, सोबत प्रवेशशुल्काची पावती आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. नवे सिम घेतले असल्यास ते निदान शिक्षण पूर्ण होईपर्यंत चालू ठेवण्याची तजवीज करावी, कारण दीर्घकाळ न वापरलेला प्रीपेड क्रमांक कंपनी बंद करते आणि काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो.

यानंतर नावाकडे वळावे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी असते; महाविद्यालयाने खाते कोणत्या कागदावरून तयार केले त्यावर पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारे नाव ठरते. आडनाव पुढे असणे ही चूक नव्हे आणि त्यासाठी कोणाला त्रास देण्याचे कारण नाही. परंतु स्पेलिंग चुकले असेल, किंवा वडिलांचे नाव आपल्या नावाच्या जागी आले असेल, तर ते पहिल्याच महिन्यात दुरुस्त करून घ्यावे. संस्थेच्या खात्यात हा बदल विद्यार्थ्याला सहसा स्वतः करता येत नाही, आणि पत्ता एकदा उपस्थितीच्या यादीत, ग्रंथालयात व परीक्षा विभागात गेला की एका अक्षरासाठी चार टेबले फिरावी लागतात.

खाते सुरू करताना महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. वर्गाच्या व्हॉट्सॲप समूहात फिरणाऱ्या दुव्यावरून जाऊ नये. हे काम स्वतःच्या फोनवर किंवा घरच्या संगणकावर करावे. तात्पुरता पासवर्ड म्हणून जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक दिलेला असेल, तर तो वर्गातील कोणालाही ओळखता येतो, म्हणून पहिल्या लॉग-इनच्या वेळीच तो बदलावा. नवा पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा, रोमन लिपीत लिहिलेला आणि अन्य कोणत्याही खात्याला न वापरलेला असावा. लांबी वाढली की तो ओळखणे कठीण होते, आणि शब्दांचा असल्यामुळे लक्षातही राहतो.

दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय, संस्थेने सक्तीची केलेली नसली तरी लगेच चालू करावी. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये सहा अंकी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्यासाठी मोबाइल नेटवर्क लागत नाही, त्यामुळे जेथे संदेश वेळेवर पोहोचत नाहीत अशा गावी गेल्यावरही लॉग-इन अडत नाही. खाते गूगलवर असेल तर त्यासोबत आठ अंकी बॅकअप कोड दहाच्या संचात मिळतात आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. हे कोड कागदावर उतरवून दहावी-बारावीच्या गुणपत्रिका ज्या फाइलमध्ये आहेत तिच्यात ठेवावेत. फोनच्या गॅलरीत त्यांचे छायाचित्र ठेवले, तर फोन हरवल्यावर कोडही त्याच्याबरोबर जातात. दिवाळीच्या सवलतीत जुना फोन देऊन नवा घेणारे पुष्कळ असतात. त्यांनी जुना फोन दुकानदाराच्या हाती देण्यापूर्वी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवून एकदा लॉग-इन करून पाहावे, कारण फोन दिल्यानंतर बॅकअप कोडही हाताशी नसताना खाते अडकले, तर ते केवळ संगणक विभागच उघडून देऊ शकतो, आणि पोळा, तान्हा पोळा व रविवार अशा सुट्ट्या लागून आल्या की त्या विभागाचे दार किती दिवसांनी उघडेल याचा हिशेब परीक्षा अर्जाची शेवटची तारीख करत नाही.

फोनवर वैयक्तिक आणि महाविद्यालयीन अशी दोन्ही खाती एकत्र ठेवता येतात. मात्र खाते जोडताच छायाचित्रांचा बॅकअप कोणत्या खात्यात जातो आहे, हे तपासावे. गूगलने शैक्षणिक संस्थांना पूर्वी दिलेली अमर्याद साठवण २०२२ मध्ये संपली आणि मूलभूत योजनेत आता संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट जागा मिळते. पाच हजार खाती असलेल्या महाविद्यालयात हे प्रमाण प्रत्येकी सुमारे २० जीबी पडते आणि प्रत्यक्षात संस्था त्याहूनही कमी मर्यादा घालू शकते. आतेबहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ त्या जागेत जाऊन बसले, तर प्रकल्प अहवालासाठी जागा उरत नाही. संगणक प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात खाते उघडावे लागल्यास खाजगी विंडो वापरावी, ब्राउझरने पासवर्ड जतन करू का असे विचारल्यास नकार द्यावा आणि उठण्यापूर्वी लॉग-आउट करावे.

कोणत्या कामाला कोणता पत्ता द्यावा, याचा निर्णय सुरुवातीलाच करणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. डिजिलॉकर, बँक खाते, पासपोर्ट, महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती अर्ज, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील (विद्यार्थ्याचे श्रेयांक ऑनलाइन साठवणाऱ्या सरकारी व्यवस्थेतील) नोंद, सरकारी स्पर्धा परीक्षांचे अर्ज या सर्वांना वैयक्तिक पत्ताच द्यावा, कारण ही कामे पदवीनंतरही चालू राहतात. महाविद्यालयाचा पत्ता शिक्षकांशी व कार्यालयाशी पत्रव्यवहार, गूगल क्लासरूमसारखे वर्ग, ग्रंथालयाची ई-नियतकालिके आणि विद्यार्थी असल्याचा पुरावा मागणाऱ्या सवलती यांसाठी ठेवावा. संगणक प्रोग्राम साठवण्याच्या गिटहबसारख्या ठिकाणी एकाच खात्याला एकाहून अधिक ईमेल पत्ते जोडता येतात. तेथे खाते वैयक्तिक पत्त्यावर उघडावे आणि विद्यार्थी सवलतीपुरता महाविद्यालयाचा पत्ता जोडावा, म्हणजे चार वर्षांचे काम पत्त्याबरोबर बंद होत नाही.

खात्याचा पहिला औपचारिक उपयोग बहुधा रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रासाठी होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार ते दरवर्षी ऑनलाइन भरावे लागते, भरल्यावर नोंदणी क्रमांकाचा मेल येतो, आणि तो महाविद्यालयाच्या समन्वय अधिकाऱ्याकडे पुढे पाठवायचा असतो. त्यामुळे अर्जात पत्ता टाइप करताना एकेक अक्षर पडताळावे, मेल पुढे पाठवताना मजकूर खोडू नये आणि पाठवलेला मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा. प्रत मागितली गेली की ती तेथेच सापडते.

मेलपेटी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, उघडावी आणि सुरुवातीचे काही आठवडे स्पॅमही पाहावे, कारण जीमेल तेथील मेल ३० दिवसांनी कायमचे काढून टाकते. परीक्षा विभाग, ग्रंथालय आणि नोकरी-नियुक्ती कक्ष यांचे मेल आपोआप वेगवेगळ्या लेबलखाली जातील असे फिल्टर लावून घ्यावेत. सूचना व्हॉट्सॲपवर येतातच, मग मेल कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर वाद निर्माण झाल्यावर मिळते: समूहातील संदेश कोणी पुसला तर हाती काही राहत नाही, आणि मेलवर मात्र तारीख, वेळ व पाठवणारा यांची नोंद असते.

शिक्षकांना लिहिताना विषयाची ओळ कधीही रिकामी सोडू नये. ‘सर, एक विनंती’ असा विषय लिहिण्यापेक्षा ‘तिसरे सत्र, स्थापत्य: आजारपणामुळे पहिली चाचणी चुकल्याबाबत’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला मेल उघडण्यापूर्वीच काम कळते. सुरुवात ‘आदरणीय सर’ किंवा ‘आदरणीय मॅडम’ अशी करावी, मागणी पहिल्या दोन वाक्यांत मांडावी, कारण त्यानंतर द्यावे, आणि शेवटी पूर्ण नाव, शाखा, वर्ग व हजेरी क्रमांक लिहावा. शेकडो विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या माणसाला केवळ पहिल्या नावावरून कोणी ओळखता येत नाही. मेल मराठीत लिहिण्यास हरकत नसावी, मात्र तो देवनागरीत लिहावा. रोमन अक्षरांतली मराठी गप्पांमध्ये खपते, अर्जात ती वाचणाऱ्याचा अंत पाहते. सर्वांना एकाच वेळी उत्तर देणारे बटण दाबण्यापूर्वी यादीत कोण कोण आहे ते पाहावे. समूहाला मेल पाठवताना इतरांचे पत्ते उघड करायचे नसतील, तर ते बीसीसीच्या रकान्यात टाकावेत. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याचा अवधी सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येतो. तो लगेच वाढवून ठेवावा, कारण जोडपत्र राहिल्याचे पाठवल्यानंतरच्या क्षणीच आठवते.

जोडपत्रे पीडीएफमध्ये द्यावीत. फोनने काढलेली अकरा छायाचित्रे अकरा वेगळ्या फाइलींत पाठवू नयेत. स्कॅन करणाऱ्या ॲपने त्यांची एकच फाइल करावी आणि तिला हजेरी क्रमांक, आडनाव व विषय यांचे नाव रोमन अक्षरांत द्यावे, कारण काही संकेतस्थळे देवनागरी नावाची फाइल स्वीकारत नाहीत. जीमेलवर जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे आणि त्याहून मोठी फाइल ड्राइव्हचा दुवा म्हणून जाते. तेव्हा समोरच्याला ती उघडण्याची परवानगी दिली आहे ना, हे पाहावे, अन्यथा मुदतीत पाठवलेला अहवालही शिक्षकांना उघडता येत नाही.

फसवणुकीचे मेल महाविद्यालयाच्या पत्त्यावरही येतात. मेलपेटी भरली आहे, शिष्यवृत्ती अडकली आहे, मिहान या नागपूरच्या औद्योगिक प्रकल्पातील कंपनीत निवड झाली असून नोंदणी शुल्क भरा, अशा मजकुराच्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचे नाव न पाहता पूर्ण पत्ता पाहावा आणि खात्री संबंधित कक्षात जाऊन करावी. पासवर्ड संगणक विभागही विचारत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी कळवले, तरच ती गोठवता येण्याची शक्यता असते.

शेवटच्या वर्षाची तयारी त्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात, म्हणजे चार वर्षांच्या अभ्यासक्रमात सातव्या सत्रातच, सुरू करावी. खाते पदवीनंतर किती दिवस चालू राहील, हे संगणक विभागाला मेलने विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. त्यानंतर या पत्त्यावर उघडलेली इतर सर्व खाती शोधून त्यांत वैयक्तिक पत्ता नोंदवावा. मेलपेटीत ‘पडताळणी’, ‘वेरिफाय’ किंवा ‘वेलकम’ असे शब्द शोधले की विसरलेली खातीही सापडतात. नियुक्तीपत्र, इंटर्नशिपचे प्रमाणपत्र व मार्गदर्शकांशी झालेला पत्रव्यवहार स्वतंत्रपणे उतरवून घ्यावा. गूगल टेकआउटने संपूर्ण मेलपेटी एकत्र उतरवता येते, परंतु संस्थेने ती सोय बंद ठेवलेली असू शकते, म्हणून ती चालते की नाही हे आधीच पाहावे. ज्या कंपनीकडून नियुक्तीचा अंतिम मेल यायचा आहे तिला वैयक्तिक पत्ता स्वतःहून कळवावा. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, विभागाच्या स्पर्धेचे हिशेब, क्लबचे अर्ज असे जे सामाईक फोल्डर आपल्या खात्यात असतील, त्यांची मालकी पुढच्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या महाविद्यालयीन खात्याकडे हस्तांतरित करावी; बाहेरच्या वैयक्तिक खात्याकडे अशी मालकी सहसा देता येत नाही, आणि हे काम ना-देय प्रमाणपत्रावर सह्या घेण्यास निघण्यापूर्वीच उरकावे.