कुत्र्याचा गोचीड काढताना या चुका टाळा

पावसाळा लागला की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात रोज संध्याकाळी मोतीचे कान उलटून, पायांची बोटं फाकवून पाहावं लागतं. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मी गोचिडावर घासलेटाचा बोळा धरला. गोचीड जागचा हलला नाही, मोतीची कातडी मात्र दोन दिवस लालभडक.

घासलेट, तेल, पेटती काडी, यातलं काहीही नको. गोचीड तोंड कातडीत रुतवून बसतो आणि असा त्रास दिला तरी लगेच सोडत नाही. तेवढ्या वेळात त्याची लाळ रक्तात उतरत राहते, आणि रोगाचे जंतू त्या लाळेतूनच येतात. म्हणून घाई करायची ती त्याला काढायची.

त्याचं फुगलेलं पोट नखांत धरू नका, ते फुटतं. बारीक टोकाचा चिमटा घ्या, केस बाजूला सारा, अगदी कातडीलगत धरा आणि न पिळता, झटका न देता सरळ वर ओढा. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईनं कोरत बसू नका. जागा साबणानं धुवा, कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवा. काढलेला गोचीड चिरडण्याऐवजी स्पिरिटच्या बाटलीत टाका.

आणि ओढण्याआधी गोचिडाचे पाय दिसतात का ते नीट पाहा! पोटावरचा प्रत्येक दाणा गोचीड नसतो. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात.

गाईम्हशींचं औषध अंदाजानं पातळ करून कुत्र्याला चोळणं धोक्याचं आहे. कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिन हे गोचीड मारायचं औषध मांजरीला लावलं तर तिचा जीव जाऊ शकतो.

इतकं करूनही गोचीड पुन्हा येत असतील तर भिंती बघा. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भेगांत हजारो अंडी घालते. आम्ही मोतीच्या कोपऱ्यातल्या भेगा बुजवल्या, त्याचं अंथरूण कढत पाण्यात धुतलं, तेव्हा कुठे फरक पडला.

पुढचे २-३ आठवडे लक्ष ठेवा. ताप, अन्नावरची वासना जाणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर एर्लिचिया किंवा बॅबेसिया या गोचिडातून येणाऱ्या रोगजंतूंची शंका घेऊन रक्त तपासून घ्या. इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही जवळच आहे. गोचीड काढल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, डॉक्टरांना ती लागते.