एकच मोठी फाइल सर्व्हरवर हळू लिहिली जाते? दोष असा शोधा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत कास्टिंग सिम्युलेशनची २० जीबीची फाइल ग्लस्टरवर (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा करणाऱ्या प्रणालीवर) टाकायला घेतली आणि वेग सेकंदाला ३८ एमबीवर अडकला, की आणखी एक सर्व्हर जोडायची सूचना हमखास येते. पैसे घालायच्या आधी थांबा. ग्लस्टरमध्ये शार्डिंग (फाइलचे तुकडे करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणं) बंद असेल तर अख्खी फाइल एकाच ब्रिकवर (सर्व्हरवरच्या साठवणीच्या फोल्डरवर) आणि तिच्या प्रतींवर बसते. नवा सर्व्हर नुसता बघत राहतो.

आधी कागदावर हिशोब मांडा. १ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला १२५ एमबी, हेडर वगैरे वजा जाता ११७ च्या आसपास. तीन प्रतींच्या ग्लस्टर व्हॉल्यूममध्ये प्रती पाठवण्याचं काम साधारणपणे क्लायंटच, म्हणजे फाइल लिहिणारा संगणकच करतो, म्हणजे तोच डेटा एकाच तारेतून तीनदा जातो. ११७ भागिले ३, म्हणजे ३९. वरच्या फाउंड्रीत काहीच बिघडलेलं नाही! वेग हवाच असेल तर त्या क्लायंटला १० गिगाबिटचं कार्ड आणि स्विचवर तसाच पोर्ट लागेल. सेफ या ग्लस्टरसारख्याच दुसऱ्या प्रणालीत गणित वेगळं: क्लायंट एकदाच पाठवतो, पुढच्या प्रती प्राथमिक ओएसडी (सर्व्हरवरची डिस्क सांभाळणारी सेवा) करते. पण पोच मिळते ती सगळ्या प्रती झाल्यावर, त्यामुळे सगळ्यात मंद डिस्क सगळ्यांना मागे ओढते.

हिशोबापेक्षा वेग बराच कमी असेल तरच पुढे जा.

पहिलं माप डिस्कचं, सर्व्हरवर बसून. ब्रिक ज्या डिस्कवर आहे तिथेच वेगळा फोल्डर करा; ब्रिकच्या आत थेट काही लिहू नका. डीडी (फाइल लिहून वेग सांगणारी लिनक्सची आज्ञा) १ एमबीच्या ब्लॉकने ४०९६ वेळा चालवा आणि डेटा खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबणारा एफडेटासिंकचा पर्याय विसरू नका. तो नसला तर आकडा रॅमचा येतो आणि साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीड जीबी लिहिते असं वाटतं. फाइल सिस्टीममध्ये कॉम्प्रेशन चालू असेल तर डीडीने लिहिलेली शून्यं दाबली जाऊन जवळपास जागाच घेत नाहीत, म्हणून तीही फसवतात. तिथे फिओ हे डिस्क मोजायचं साधन वापरा.

दुसरं माप नेटवर्कचं. क्लायंटपासून प्रत्येक सर्व्हरपर्यंत आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) एकाच स्ट्रीमने ३० सेकंद चालवा. ९४० मेगाबिट आले तर ठीक. ९४ आले तर इथटूल या आज्ञेने नेटवर्क कार्डाचा स्पीड बघा, १०० दिसेल. दोष बहुधा तारेच्या टोकाला असतो: १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ या चारच पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. क्रिम्पिंग करताना ४, ५, ७, ८ पैकी एक जरी नीट बसली नाही, किंवा बेळगावच्या पावसाळी दमटपणाने काळवंडली, तर लिंक गुपचूप खाली येते. दिवा लागलेलाच असतो, म्हणून संशयही येत नाही. टोक कापून नवा प्लग बसवा. दोन पोर्ट बाँड केले, म्हणजे जोडून एक केले असले तरी एक टीसीपी प्रवाह साधारणपणे एकाच तारेवरून जातो, तेव्हा तिथून दुप्पट वेगाची आशा नको.

तिसरं माप माउंटवर, म्हणजे क्लायंटवर जोडलेल्या ग्लस्टरच्या फोल्डरमध्ये, आधी १ एमबीच्या आणि मग ४ केबीच्या ब्लॉकने, प्रत्येक ब्लॉक सिंक करून. पहिला चांगला आणि दुसरा रखडला, तर दोष रुंदीचा नाही, येण्याजाण्याच्या वेळेचा आहे. प्रत्येक फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तर सेकंदाला २००० फेऱ्या, म्हणजे फक्त ८ एमबी. प्रोग्रामचा बफर वाढवा, म्हणजे एका फेरीत जास्त डेटा जाईल. एक प्रत कोल्हापूरच्या शाखेत ठेवली असेल तर ही फेरी आणखी लांबते. लांबच्या प्रतीसाठी जिओ-रेप्लिकेशन (प्रत मागाहून पाठवण्याची सोय) लावा, ते लिहिणाऱ्याला ताटकळत ठेवत नाही.

लिहिणं चालू असतानाच सगळ्या सर्व्हरवर आयओस्टॅट (डिस्कचं काम दाखवणारी आज्ञा) लावून ठेवा. एकाच डिस्कचा अवेट, म्हणजे प्रत्येक कामाला लागणारा सरासरी वेळ, बाकीच्यांच्या कित्येक पट दिसला तर ती डिस्क तपासा. एका सर्व्हरच्या सगळ्याच डिस्क मंदावल्या असतील तर रेड कार्डची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी बघा. ती संपली की कार्ड आपणहून राइट-बॅक (डेटा कॅशमध्ये घेऊन लगेच पोच देणं) सोडून राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहून झाल्यावरच पोच देणं) येतं आणि वेग कोसळतो. कार्डावर जबरदस्तीने राइट-बॅक लादण्याची सोय असते, पण बॅटरी बदलेपर्यंत तिला हात लावू नका: मध्येच लाईट गेली तर कॅशमधलं सगळं जातं, आणि क्लायंटला मात्र फाइल लिहून झाल्याची पोच मिळालेली असते.