पहिली मात्रा कुणाची?

मी फोंड्यात पेटी शिकलो. चतुर्थीच्या कार्यक्रमाला एक अभंग मडगावकडच्या गिटारवाल्याबरोबर बसवायचा होता. तबल्यावर माझा मावसभाऊ, शिवाय एक काहोनवाला, म्हणजे लाकडी खोक्यावर बसून तोच हातांनी वाजवणारा.

सुरांचं एका संध्याकाळीत भागलं. गायिकेचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी; गिटारवाल्याने कॅपो (तारा दाबून सूर चढवणारी चिमटी) पहिल्या घरात लावून जी कॉर्ड धरली. एक मात्र पाळा: पेटी जुनी असेल तर गिटार पेटीशी जुळवा, मोबाइलवरच्या ट्यूनरशी नाही. तारा पिळता येतात, पेटीचे सूर तालमीत बसून हलत नाहीत.

फसलो रूपक तालात. तीन आठवडे!

सात मात्रा, म्हणजे एका फेरीत सात ठोके, सगळ्यांनाच मान्य होत्या. तरी शेवटची तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेऊन आम्ही समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, थांबायचो आणि हा गिटारवाला बाबा आणखी तीन मात्रा पुढे जायचा. मला वाटे, याला मोजता येत नाही. त्याला वाटे, आम्ही अर्ध्यावर सोडतो. मी दोनदा आवाज चढवला, एकदा तर भाता बंद करून उठलोच. तुम्ही असलं काही करू नका. माणूस गेला की तालीमही गेली.

एका रात्री त्याच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, तोच वैतागून म्हणाला, "अरे, पूण वन खंय आसा?" (पण 'वन', म्हणजे पहिली मात्रा, आहे कुठे?) भावाने बोल म्हणून दाखवले: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. आणि ट्यूब पेटली. रूपकात समेवरच खाली, म्हणजे टाळी नसलेली, हलकी मात्रा. तिथे डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) घुमत नाही, तो घुमतो चौथ्या मात्रेला, धीं वर. सोल्फेजवर, म्हणजे पाश्चात्त्य सा-रे-ग-मवर, वाढलेल्या त्याच्या कानाने जड ठोका ऐकला आणि तिथूनच 'एक' धरला. आमचं तीन-दोन-दोन, त्याचं दोन-दोन-तीन. वर काहोनवाला नेमकी चौथीला दणकून थाप देत होता, म्हणजे चूक आणखीच घट्ट.

मग वाद्यं खाली ठेवली. पहिलीला हात हवेत, चौथीला आणि सहावीला टाळी, चौघांनी मिळून. कॉर्ड बदलायची ती पहिल्या तीं वर. काहोनची चौथीची थाप आठवडाभर बंद. मेट्रोनोमच्या अ‍ॅपवर माझा राग आहे तो यासाठीच: ते टिकटिक करतं, सम कुठे ते सांगत नाही. आमच्या गुरुजींचा सल्ला होता, "गिटारवाल्यांच्या नादी लागू नकोस." लयकारीसाठी गाजलेल्या लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांच्या गोव्यात सात मात्रांना घाबरायचं? तो सल्ला मला तेव्हाही पटला नाही, आजही नाही.

मानधनाची वाटणी आणि चाल कुणाच्या नावावर, हे पहिल्या तालमीआधीच बोला. आम्ही नंतर बोललो. असो.

कार्यक्रमात तिसऱ्या कडव्याला तो पुन्हा चुकला. पोटात गोळा आला. पण त्याने भावाकडे पाहिलं, भावाने समेला डग्ग्यावरचा हात उगाचच जरा जास्त वर उचलला, आणि पुढच्या आवर्तनात गिटार बरोबर तीं वर आली.